'नियमांना हरताळ' मधला हरताळ म्हणजे नेमकं काय, आणि शब्दाचं मूळ घरबसल्या कसं शोधायचं

पेपर उघडला की दिसतंच, नियमांना हरताळ, आदेशाला हरताळ, स्वच्छतेला हरताळ. आता सोलापुरात कुणालाही विचारा हा हरताळ काय आहे, बहुतेक जण म्हणतील अहो हरताळ म्हणजे बंद, संप, दुकानं बंद ठेवतात तो. मग नियमांना संप म्हणजे काय हो? इथं लोक थांबतात, आणि मला वाटतं शब्द शोधायला सुरुवात इथूनच करायची असती, जिथं अर्थ लावताना अडखळायला होतं तिथून.

हा हरताळ म्हणजे एक पिवळाधमक खनिज पदार्थ आहे, आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग, इंग्रजीत त्याला ऑर्पिमेंट म्हणतात. विषारी आहे. आणि आर्सेनिक हा परका वाटणारा शब्द आणि आपला हरताळ हे दोन्ही लांबून एकाच घरातले आहेत, त्यात आपली हळद पण आहे आणि साडीची जर पण आहे. हे मी सांगतोय म्हणून मानू नका, कसं तपासायचं तेच खाली लिहितोय, मोबाइल आणि थोडा निवांत वेळ एवढं असलं तरी पुरे.

पहिलं काम म्हणजे कोश उघडायच्या आधी शब्दाबरोबर कुठलं क्रियापद येतंय ते बघायचं. हे फार जण करत नाहीत आणि अर्धं उत्तर तिथंच असतंय. संप करतात, पुकारतात, पाळतात, मागे घेतात. पण नियमांना हरताळ 'फासतात'. आता फासणे कशाला म्हणतो आपण? तोंडाला काळं फासतात, अंगाला राख फासतात, दगडाला शेंदूर फासतात. म्हणजे जे फासायचं ते ओलसर किंवा पूड असलेलं, हाताला लागणारं काहीतरी पाहिजे. संप काही फासता येत नाही. म्हणजे हा हरताळ वस्तू आहे, एवढं कोशाशिवाय कळलं. जुन्या लिखाणात 'हरताळ लावणे' असंही सापडतं, तेही वस्तूलाच लागू पडतं.

आता कोश. मराठीला या बाबतीत नशीब चांगलं आहे, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि ती शिकागो युनिव्हर्सिटीच्या साइटवर फुकट सर्च करता येते. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून खंडाखंडानं निघाला, तोही नेटवर आहे. खास व्युत्पत्तीसाठी, म्हणजे शब्दाच्या मुळासाठी, कृ. पां. कुलकर्णींचा मराठी व्युत्पत्ति कोश, १९४६ चा. पुस्तकच हातात घेऊन बघायचं असेल तर सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखं जुनं वाचनालय आहे, संदर्भाच्या कपाटाबद्दल विचारायचं, कोश शक्यतो घरी देत नाहीत म्हणून वही सोबत न्यायची.

सर्च करताना काही गोष्टी माहीत नसल्या तर शब्द सापडतच नाही आणि माणूस म्हणतो कोशात नाही. जुन्या कोशात क्रियापदावर अनुस्वार असतो, करणें, लावणें, फासणें असं, तसं टाइप करून बघायचं. ळ च्या जागी ल टाकून बघायचं, हरताळ, हरताल, हरिताळ, हरिताल, हडताळ सगळं. मोल्सवर्थमध्ये शब्दापुढं कंसात एक इंग्रजी अक्षर असतं ते सोडून पुढं जाऊ नका, तेच आपल्याला हवं असतं, एस म्हणजे संस्कृत, पी म्हणजे फारसी, ए म्हणजे अरबी, एच म्हणजे हिंदुस्थानी. आणि एक उलटा मार्ग पण आहे, इंग्रजी अर्थाच्या रकान्यात सर्च करायचं, ऑर्पिमेंट किंवा आर्सेनिक टाकलं की त्या वस्तूभोवतीचे मराठी शब्द एकदम समोर येतात, मनशीळ, सोमल वगैरे. पहिला अर्थ वाचून कोश बंद करायचा नाही, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं कारण वाक्प्रचार तिथं असतात.

आता वस्तू. शब्दाच्या मागची वस्तू कळल्याशिवाय वाक्प्रचार कळत नाही असं माझं ठाम मत आहे, म्हणून इथं घाई करू नका.

पूर्वी पोथ्या हातानं लिहायचे, काजळाच्या शाईनं. ही शाई म्हणजे दिव्याची काजळी आणि डिंक, एकदा कागदावर बसली की फिकी होत नाही, म्हणून तर शेकडो वर्षांच्या पोथ्या आजही काळ्याभोर अक्षरांच्या दिसतात. पण लिहिणाऱ्याची चूक झाली तर? खोडून काढता येत नाही, खरवडलं तर कागद फाटतो. मग हरताळ खलात बारीक वाटायचा, डिंकाच्या पाण्यात कालवायचा आणि चुकलेल्या अक्षरावर तो पिवळा लेप द्यायचा. अक्षर झाकलं जायचं, आणि वाळल्यावर त्याच्यावरच नीट अक्षर लिहिता यायचं. हाच रंग का, तर कागद पिवळसर असायचा त्यात तो मिसळून जायचा, कधी कधी तर अख्खा कागदच हरताळानं रंगवलेला असायचा, आणि दुसरं म्हणजे विषारी असल्यामुळं कीड त्याच्या वाटेला जात नाही. चीनमध्ये पण लिहिणारे लोक हाच पिवळा पदार्थ चुका झाकायला वापरायचे, म्हणजे ही युक्ती एकट्या आपल्याकडची नव्हती.

तर हरताळ फासणे म्हणजे लिहिलेलं पुसून टाकणे, होतं ते नव्हतं करणे. नियम कागदावर लिहिलेला आहे, कुणीतरी वागणुकीनं त्याच्यावर पिवळा लेप दिला, आता तो असून नसल्यासारखा. पेपरवाले शब्द अगदी बरोबर वापरतात, फक्त वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढची पोथी गेलेली आहे. केलेल्या कामावर कुणी हरताळ फासला असं म्हणतो तेव्हापण हेच, मेहनतीनं लिहिलेलं झाकून टाकलं.

इथं एक काळजीची गोष्ट, खरंच मनापासून सांगतोय. घरात किंवा मठात जुनी हस्तलिखित पोथी असेल आणि पानांवर असे पिवळे डाग दिसले तर बोट जिभेला लावून पान उलटू नका, आपल्याकडं ती सवय फार आहे. डाग नखानं खरवडून बघू नका, लहान मुलांच्या हातात देऊ नका, बघून झालं की साबणानं हात धुवायचे. फोटो काढून ठेवा, डागाखालचं अक्षर कधी कधी तिरक्या उजेडात दिसतं, ते वाचायला मिळालं तर लिहिणाऱ्यानं काय दुरुस्त केलं ते कळतं.

पुढची पायरी, सारखे दिसणारे शब्द वेगळे करायचे. मराठीत या एका आवाजाचे तीन वेगवेगळे शब्द जमलेत आणि घोटाळा त्यामुळंच होतो.

एक आपला पिवळा हरताळ, संस्कृत हरिताल वरून. दुसरा बंदचा हरताळ, तो गुजरातीतल्या हडताळ कडून आला, हाट म्हणजे बाजार आणि ताळं म्हणजे कुलूप, बाजाराला कुलूप. हिंदीत हड़ताल, मराठीत ड चा र होऊन हरताळ झाला. ६ एप्रिल १९१९ ला रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी देशभर हरताळ पाळायला सांगितला तेव्हापासून हा शब्द घराघरात गेला. सोलापूरकरांना तर हा जास्तच जवळचा, मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी आल्यावर इथले गिरणी कामगार काम सोडून रस्त्यावर आले, गोळीबार झाला, १२ मेला मार्शल लॉ लागला आणि पुढं १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली. ज्या गावानं हा दुसरा हरताळ एवढी किंमत देऊन पाळला त्या गावात पहिला हरताळ विसरला गेला तर नवल नाही.

तिसरी हरतालिका, भाद्रपद शुद्ध तृतीयेची. तिचा रंगाशी पण संबंध नाही आणि कुलपाशी पण नाही. व्रताच्या कथेत सांगतात तसं आलि म्हणजे सखी, सखींनी हरून नेलेली ती हरितालिका, पार्वतीला मैत्रिणींनी अरण्यात नेलं ती गोष्ट. तर कोशात शोधताना हे तिन्ही एकत्र येतील, वहीत तीन रकाने करून ठेवा आणि प्रत्येक वाक्य कुठल्या रकान्यात बसतंय ते बघा, क्रियापद बघितलं की लगेच कळतं. पाळला तर बंद, फासला तर पिवळा, पूजली तर पार्वती.

आता आवाज कसे बदलले ते बघायचं, याची मला सगळ्यात जास्त आवड आहे. संस्कृतमध्ये दोन स्वरांच्या मधला एकटा ल मराठीत ळ होतो, फल चं फळ, काल चं काळ, कमल चं कमळ. तसंच हरिताल चं हरताळ, मधला इ बोलता बोलता गळाला. इथपर्यंत सोपं. पण मधला त बघा. जे शब्द संस्कृतमधून प्राकृतात आणि तिथून लोकांच्या तोंडून घासत घासत मराठीत आले त्यांच्यात असा मधला त बहुधा टिकत नाही. प्राकृतात हरिताल चं हरिआल झालं होतं. मग आपल्या हरताळात त शाबूत कसा? म्हणजे हा शब्द बाजारातून आला नाही, पोथी लिहिणारे आणि वैद्य यांच्याकडून आला, संस्कृत वाचणाऱ्या लोकांनी तो सांभाळला. जो शब्द खरंच घासून आला तो पण आपल्याकडं आहे, आपला राज्यपक्षी हरियाल, तो पिवळसर हिरवा पारवा, संस्कृत कोशात हरिताल या शब्दाचे दोन्ही अर्थ दिलेत, पिवळं खनिज पण आणि हा पक्षी पण. एकच शब्द, वैद्याच्या खलात त राहिला आणि झाडावर उडून गेला. प्राकृताबद्दल अजून वाचायचं असेल तर लांब जायची गरज नाही, जीवराज जैन ग्रंथमाला सोलापूरचीच, तिलोयपण्णत्तीसारखे प्राकृत ग्रंथ इथून छापून निघाले आहेत.

आता कुणी म्हणेल हरित म्हणजे तर हिरवा, मग पिवळ्या वस्तूला हरिताल का. चांगला प्रश्न आहे आणि उत्तर सोलापुरातच मिळतं. संस्कृतमधल्या हरि या रंगात पिवळा, पिंगट, पोपटी सगळंच येतं. विश्वास बसत नसेल तर शहराच्या पूर्व भागात जाऊन तेलुगू बोलणाऱ्या कुणालाही विचारा, पच्च म्हणजे कुठला रंग. पिवळा पण पच्च आणि हिरवा पण पच्च, नेमकं सांगायचं असलं तर पसुपु पच्च म्हणजे हळदीचा पिवळा आणि आकु पच्च म्हणजे पानाचा हिरवा असं म्हणतात. म्हणजे दोन रंगांना मिळून एक शब्द असणं यात वावगं काही नाही. आणि अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, हरितालाची दुसरी नावं दिलीत, पिंजर, पीतन, ताल, आल. पीतन म्हणजे सरळ पिवळं, शंकाच मिटली.

याच हरि वरून हरिद्रा, आणि हरिद्रेची झाली हळद. र चा ल, ल चा ळ, शेवट घासून गेला. सोलापूरजवळच्या बाळ्याच्या खंडोबाला आपण जो भंडारा उधळतो तो आणि पोथीवरचा विषारी लेप दोघांच्या नावात रंग तोच आहे. (वस्तू मात्र पूर्ण वेगळ्या, हे सांगायला नको.)

इथून सीमेपलीकडं जायचं. संस्कृत आणि इराणी भाषा या बहिणी, आणि संस्कृतमधल्या ह च्या जागी तिकडं पुष्कळदा झ सारखा ज येतो, हा नियम एकदा लक्षात ठेवला की फार दारं उघडतात. हिरण्य म्हणजे सोनं, अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथाच्या भाषेत, जरन्य. त्यावरून फारसीत जर म्हणजे सोनं आणि जर्द म्हणजे पिवळा. जरीची साडी, जरतार, जरीपटका ही सगळी तीच जर. जर्दा त्याच रंगावरून. जर्दाळू म्हणजे जर्द आलू, पिवळं आलुबुखार. आणि या सोनेरी रंगावरूनच पिवळ्या हरताळाला मध्य फारसीत जरनीक म्हणायचे, अरबीत जरनीख. जरनीक सिरियाक या पश्चिम आशियातल्या जुन्या भाषेत गेला, तिथून ग्रीक लोकांनी उचलला आणि त्याचा आर्सेनिकॉन केला, ग्रीकचं लॅटिनमध्ये आर्सेनिकम, मग फ्रेंच, मग इंग्रजी आर्सेनिक, आणि शाळेच्या पुस्तकातून तो परत आपल्याकडं, अणुअंक ३३. सुरुवातीला हा शब्द पिवळ्या हरताळाचाच होता, मूलद्रव्याला तो नंतर मिळाला. ऑर्पिमेंट पण बघा, लॅटिन ऑरिपिगमेंटम, सोन्याचा रंग. जो तो त्या दगडाकडं बघून सोनंच म्हणत होता.

ग्रीकांकडं झालेली एक गडबड मुद्दाम सांगतो कारण ती आपल्याकडं पण रोज होते. त्यांच्या भाषेत आर्सेन म्हणजे नर, पुरुष. परका जरनीक त्यांना कळेना म्हणून त्यांनी तो आपल्या ओळखीच्या शब्दासारखा वळवून घेतला, आणि पुढं लोक सांगत बसले की हा पदार्थ जहाल, मर्दानी म्हणून असं नाव. आजही नेटवर हे वाचायला मिळतं. नियमांनी संप केला म्हणून नियमांना हरताळ, हे आपलं स्पष्टीकरण त्याच जातीचं आहे, ऐकायला बरं वाटतं म्हणून पसरतं. ग्रुपवर अशी व्युत्पत्ती फॉरवर्ड आली की तीन गोष्टी विचारायच्या, आवाजाचा बदल दुसऱ्या कुठल्या शब्दात दिसतो का, जुन्या कोशात जुना अर्थ हाच आहे का, आणि शेजारच्या भाषेत हा शब्द काय आहे.

शेजारची भाषा तपासायला सोलापूरएवढं सोयीचं गाव नाही. एका गल्लीत चार भाषा. तेलुगूत हरताळाला हरिदळम, कन्नडमध्ये हरिताळ, उर्दूत हरताल आणि हकिमांच्या पुस्तकात जरनीख. म्हणजे संस्कृत शब्द पंडितांनी दक्षिणेत नेला आणि फारसी-अरबी शब्द हकिमांनी आणला आणि दोन्ही इथं भेटले. हळदीला मात्र तेलुगूत पसुपु, रोजच्या स्वयंपाकातल्या वस्तूला घरचाच शब्द राहतो. म्हाताऱ्या माणसांना विचारताना 'हरताळ म्हणजे काय' असं सरळ विचारू नका, 'पोथीत चूक झाली तर काय करायचे' असं विचारा, वस्तूपासून सुरू केलं की आठवणी निघतात आणि शब्द आपोआप येतो. बोलतील ते त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या, आपण सुधारायचं नाही.

काष्ठौषधीच्या दुकानात चौकशी करणार असाल तर एक खबरदारी. गोदंती हरताळ नावाची एक पांढरी वस्तू मिळते, नावात हरताळ असला तरी ती जिप्सम आहे, तिच्यात आर्सेनिक नसतं. पिवळा, पापुद्रे निघणारा तो पत्रहरताळ, गोळ्यासारखा तो पिंडहरताळ, हे खरे आर्सेनिकचे. नावं विचारा, बघा, वहीत लिहा आणि परत या, विकत आणून घरी वाटायचा किंवा तापवायचा तर अजिबात नाही, तापवला की त्यातून जो पांढरा विषारी धूर निघतो तोच सोमल. औषध म्हणून कुणी पुडी देत असेल तर डॉक्टरला दाखवल्याशिवाय घेऊ नका.

एवढं जमलं की याच पद्धतीनं पुढचे शब्द घ्या. मनशीळ सोपा आहे, संस्कृत मनःशिला, हा हरताळाचा लाल भाऊ, हाही आर्सेनिक आणि गंधकाचाच, इंग्रजीत रिअलगार, तो अरबी रहज अल-गार वरून, म्हणजे गुहेतली, खाणीतली पूड. सोमल जरा अवघड. अरबीत याच विषाला सम्म-उल-फार म्हणतात, उंदराचं विष. सम्म आणि सोम, आवाज जुळतोय असं लगेच वाटतं, पण नुसत्या आवाजावर नातं जोडायचं नाही. मोल्सवर्थमध्ये सोमल काढा, कंसात कुठलं अक्षर आहे ते बघा, दाते-कर्व्यांशी ताडा, सोमलखार असं जोडून पण सर्च करा, हिंदीत संखिया आहे तो का वेगळा पडला ते बघा, आणि मग जवळपासच्या उर्दू जाणणाऱ्या कुणाला तरी सम्म-उल-फार नीट उच्चारून दाखवायला सांगा. जे सापडेल ते तारीख आणि कोशाचं नाव टाकून वहीत लिहा, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर पान काढून दाखवता येतं.